मोजणी कोणाची, प्रश्न कोणाचा? : गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या सामाजिक भूमिकेविषयी

पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा गौरवाचे असते. धनंजयराव गाडगीळांची शिस्त, वि. म. दांडेकरांचा परखडपणा, ग्रंथालयाची श्रीमंती, पाहण्यांची परंपरा हे सगळे पुन्हा पुन्हा सांगितले जाते आणि त्यातले बरेचसे खरे आहे. पण गावकुसाबाहेरून या संस्थेकडे पाहिले तर काय दिसते, हे कोणी विचारल्याचे फारसे आढळत नाही. त्याला आपणही थोडे जबाबदार आहोत. दलित चळवळीने साहित्य संमेलनांच्या मांडवाला आव्हान दिले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षे लढा दिला, माणसे मारली गेली, घरे जळाली. मात्र ज्या संस्थांत दारिद्र्याची व्याख्या ठरते, जिथून शासनाच्या योजनांना आकडे आणि युक्तिवाद मिळतात, त्या संस्थांच्या दारात आपण क्वचितच उभे राहिलो. अर्थशास्त्र हे बाबासाहेबांचे पहिले शास्त्र होते, याचीही आठवण आपल्याला जयंतीच्या भाषणापुरतीच असते.

मला येथे संस्थेची निंदा करायची नाही. निंदा सोपी असते आणि तिचा विद्यार्थ्यांना उपयोग नसतो. संशोधन, अध्यापन आणि शासनाला सल्ला अशी तिन्ही कामे करणारी संस्था लोकांचे नेमके काय देणे लागते, एवढाच माझा प्रश्न आहे.

ही संस्था ६ जून १९३० रोजी स्थापन झाली. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांची देणगी आणि भारत सेवक समाजाचा आधार अशी तिची सुरुवात. तो काळ ध्यानात घ्यावा. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९२९ मध्ये, याच पुण्यात पर्वतीच्या देवळात प्रवेश मागणाऱ्या सत्याग्रहींनी दगड खाल्ले होते. मार्च १९३० मध्ये नाशिकला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला होता. म्हणजे महाराष्ट्रातील अस्पृश्य समाज रस्त्यावर येऊन आपल्या माणूसपणाची मागणी करीत होता, त्याच महिन्यांत पुण्याचे उदारमतवादी विद्वान समाजाचे शास्त्रशुद्ध मोजमाप करणारी संस्था उभारीत होते. या दोन घटना एकमेकींना भेटल्या असत्या तर महाराष्ट्राच्या अर्थशास्त्राचा इतिहास वेगळा झाला असता, असे मला वाटते.

एकदा त्या भेटल्याही. २९ जानेवारी १९३९ रोजी बाबासाहेब या संस्थेच्या वार्षिक समारंभात बोलले. 'फेडरेशन व्हर्सस फ्रीडम' या नावाने ते भाषण पुढे प्रसिद्ध झाले. विषय होता १९३५ च्या कायद्यातील संघराज्याची योजना. हे मुद्दाम नोंदवतो, कारण आजही विद्यापीठांत दलित वक्त्याला बोलावतात ते दलितांच्या दुःखावर बोलण्यासाठी. बाबासाहेब तेथे गेले ते राज्यघटनेचे अभ्यासक म्हणून, आणि संस्थानिकांना हाताशी धरून उभ्या राहणाऱ्या संघराज्याची त्यांनी चिरफाड केली. संस्थेने त्यांना बोलावले, हे तिच्या खात्यावर जमा आहे. पण 'स्मॉल होल्डिंग्ज'चा निबंध आणि 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिणारा अर्थशास्त्रज्ञ, खोती नष्ट करण्याचे विधेयक आणणारा आणि महारवतनाविरुद्ध कायदेमंडळात झगडणारा नेता दारापर्यंत आला, त्याचे भाषण ऐकले, छापले, आणि त्याचे प्रश्न मात्र संस्थेच्या प्रश्नपत्रिकेवर चढले नाहीत.

प्रश्नपत्रिका म्हणजे पाहणीचा तक्ता, ज्याला हे लोक शेड्यूल म्हणतात. संस्थेचे खरे कर्तृत्व या तक्त्यांत आहे आणि तिची मर्यादाही तिथेच आहे. १९३६-३७ साली गाडगीळांनी वाई तालुक्यात शेतीव्यवसायाची पाहणी केली. त्या काळी घरोघर, शेतोशेत जाऊन हिशेब गोळा करणे ही मोठीच गोष्ट होती. पण शेतीव्यवसायाच्या पाहणीचे एकक कोणते? शेत कसणारा. ज्याच्याकडे शेत आहे त्याचा जमाखर्च मांडला जातो. ज्याच्याकडे शेत नाही, तो या हिशेबात येतो तो खर्चाच्या बाजूला, मजुरी म्हणून. बैलाचा चारा, बियाणे, खत आणि मजुरी. यात कोणाचा दुष्टपणा नाही, पद्धतच तशी आहे. आपण जे एकक निवडतो, त्याच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे पाहणी सुरू होण्याआधीच ठरलेले असते.

याच सुमारास संस्थेने पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जातीची नोंद आहे. ही गोष्ट मी आग्रहाने सांगतो, कारण 'या ब्राह्मणी संस्थेला जात दिसलीच नाही' असे विधान आपल्या सभांत टाळ्या घेते, पण ते खरे नाही. जात दिसली होती, लिहूनही घेतली होती. प्रश्न पुढचा आहे. तक्त्यात नोंदलेली जात निष्कर्षापर्यंत का पोचत नाही? शासनाला सल्ला देण्याची वेळ आली की ती वाटेत कुठे गळून पडते?

परखडपणाचे श्रेय द्यायचे तर एक उदाहरण पुरेसे आहे. १९४८ च्या मुंबई कुळकायद्याचा अंमल कसा झाला, याची पाहणी दांडेकर आणि खुदानपूर यांनी केली आणि तिचा अहवाल १९५७ मध्ये आला. कायदा कागदावर आहे, कुळे 'स्वखुशीने' जमिनी सोडत आहेत, आणि कायदा नसता तरी जे झाले असते तेच व्यवहारात होत आहे, असे त्यातून दिसले. सरकारच्या पैशावर आणि मर्जीवर चालणाऱ्या अनेक संस्था असले सत्य गुळमुळीत करून सांगतात. या अहवालाने तसे केले नाही. भूमिहीनांसाठी काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने तो वाचावा. 'स्वखुशी' या शब्दामागे गावातली कोणती ताकद उभी असते हे आपल्याला अनुभवाने ठाऊक असते. तेथे त्याचा हिशेब मिळतो.

परंतु संस्थेची सार्वजनिक भूमिका अहवालापुरती नव्हती. गाडगीळ नुसते पुस्तकी अर्थशास्त्रज्ञ नव्हते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबर त्यांनी सहकारी साखर कारखाना उभा करण्यात पुढाकार घेतला आणि सुरुवातीची अनेक वर्षे त्याचे अध्यक्षपद सांभाळले. १९५०-५१ मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. खाजगी भांडवलदाराच्या हातून साखर शेतकऱ्याच्या हातात आली, ही गोष्ट लहान नाही. मात्र कारखान्याचा सभासद कोण? ज्याच्या रानात ऊस उभा आहे तो. ऊस कोणाच्या रानात? ज्याच्याकडे पाणी पोचणारी जमीन आहे त्याच्या. मग ज्याच्याकडे जमीनच नाही, तो या सहकारात कुठे? तो कोयता घेऊन फडात. बीडकडून, दुष्काळी तालुक्यांतून दरवर्षी टोळ्या निघतात. मुकादमाची उचल डोक्यावर असते, नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि पाचटाच्या कोपीत हंगाम जातो. सहकाराच्या घटनेत त्यांना मत नाही, लाभांश नाही, सभासदाचे नाव नाही. सत्तर वर्षांच्या साखरेचे सगळे पाप मी गाडगीळांच्या माथी मारीत नाही. पण सहकाराची ती कल्पना ज्या अर्थशास्त्रातून आली, त्याचे एकक वाई तालुक्यातलेच होते. शेतवाला आत, बिनशेतवाला खर्चात.

आता १९७१ कडे येतो. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा अभ्यास त्या वर्षी प्रसिद्ध झाला. फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने झालेल्या या अभ्यासाने देशाच्या राजकारणाला एक आकडा दिला. माणसाला दिवसाला २२५० उष्मांक मिळावेत एवढे अन्न ज्या खर्चात परवडते तो किमान खर्च धरला. १९६०-६१ च्या किमतींनी ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. या रेषेखाली खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे आहेत, असे त्यांनी सांगितले. स्वातंत्र्याला तेवीस वर्षे झाली होती. नियोजनाच्या घोषणांत मग्न असलेल्या दिल्लीला हा आकडा झोंबला. मीही तो अभ्यास आदराने वाचतो, कारण उपासमारीला सरकारदरबारी पुरावा लागतो आणि तो पुरावा या दोघांनी दिला.

पण त्या चाळीस टक्क्यांत कोण होते?

खर्चाच्या थरांत माणसे मांडली की सगळ्यात खालचा थर म्हणजे खालचे दहा टक्के, त्यावरचे दहा टक्के, असा तो उतरंडीचा हिशेब असतो. त्या थराला उष्मांक असतात, रुपये असतात. त्याला वस्ती नसते, पाणवठा नसतो, आडनाव नसते. खालच्या दहा टक्क्यांत तेच ते लोक का सापडतात, पिढ्यान् पिढ्या तेच का, हा प्रश्न त्या मांडणीत उभाच राहू शकत नाही. दारिद्र्य ही येथे अवस्था आहे. ती कोणी कोणावर लादलेली गोष्ट आहे, असे त्यात दिसत नाही.

आणि हे सगळे कधी? एल. इलायापेरुमल यांच्या समितीचा अस्पृश्यतेविषयीचा अहवाल १९७० मध्ये संसदेपुढे आला. मे १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीवरच्या पाण्यासाठी बौद्ध स्त्रियांची विटंबना झाली. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. एकाच देशात, दोन-अडीच वर्षांच्या आत, एक अहवाल भुकेचा आला आणि एक अत्याचाराचा आला. भुकेच्या अहवालात जात नव्हती, अत्याचाराच्या अहवालाची अर्थशास्त्रज्ञांनी दखल घेतली नाही. हे दोन अहवाल एका टेबलावर कोणी ठेवले? विद्यापीठाने नाही, संशोधनसंस्थेने नाही. ते काम विशी-पंचविशीतल्या पोरांनी केले. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यातली 'दलित' या शब्दाची व्याख्या काढून पाहा. अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया असा तिचा विस्तार आहे. ती व्याख्या राजकारणाला पेलली की नाही, तिच्यावरून पँथर कशी फुटली, हा वेगळा विषय. संशोधनाच्या दृष्टीने पाहिले तर जात आणि भूक यांना एका एककात बसवण्याचा तो प्रयत्न होता, आणि कामाठीपुऱ्यात, वरळीच्या चाळींत राहणाऱ्या मुलांनी तो संस्थेच्या आधी केला.

दांडेकर-रथांच्या अभ्यासातला दुसरा मुद्दा अधिक बोचणारा आहे. जमिनीच्या फेरवाटपाने ग्रामीण दारिद्र्य संपणार नाही, सगळ्यांना पुरेल इतकी जमीनच नाही, म्हणून गरिबांना सार्वजनिक कामे काढून रोजगार द्यावा आणि त्याचा भार वरच्या थराने सोसावा, असे त्यांचे म्हणणे होते. आता हे १९७१ चे उत्तर कोणत्या प्रश्नाचे होते ते पाहू. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी १९५९ मध्ये महाराष्ट्रात आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह केला, लाखोंनी तुरुंग भरले. त्यांनी मागितले काय? पडीक, वनखात्याची, गायरानाची सरकारी जमीन. कोणाच्या तोंडचा घास नव्हे. गणित म्हणते, जमीन भागिले माणसे, उत्तर अपुरे. पण गावातल्या महार-मांगाला दोन एकर गायरान मिळाले तर त्याची भाकरी वर्षभर सुटते असे कोणीच म्हटले नव्हते. पाटलाच्या बांधावर सकाळी हात जोडून उभे राहावे लागत नाही, हा त्या दोन एकरांचा अर्थ होता. हा अर्थ एकरात मोजता येत नाही, म्हणून तो हिशेबातून गेला. मराठवाड्यात एकनाथ आवाडांसारख्यांनी गायरानाचा लढा पुढे नेला. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ मध्ये निघाला, तो सुद्धा लोक जमिनीवर ठाण मांडून बसले म्हणून.

येथे कोणी मला बाबासाहेबांचाच दाखला देईल, आणि तो द्यावाच. १९१८ च्या निबंधात त्यांनीही लहान तुकड्यांचा रोग केवळ तुकडे जोडून बरा होणार नाही, शेतीवरचा रिकामा हात उद्योगात गेला पाहिजे, असे मांडले होते. म्हणजे फेरवाटपाविषयी शंका घेणारे दांडेकर-रथ पहिले नव्हेत. पण बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून सामुदायिक शेती करावी, आणि ती देताना जात-धर्माचा भेद राहू नये, अशी घटनात्मक मागणी केली. जमीन पुरत नाही या वस्तुस्थितीतून एक निष्कर्ष निघतो की जमीनदाराला हात लावू नका, मजुराला खडी फोडायला द्या. दुसरा निष्कर्ष निघतो की मालकीच काढून घ्या. आकडे तेच असतात. कोणत्या बाजूला उभे राहून ते वाचायचे, यावर पुढचे सगळे ठरते.

खडी फोडायला देणे हीसुद्धा त्या दुष्काळात लहान गोष्ट नव्हती, हे मी विसरत नाही. १९६५ मध्ये वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात सुरू केलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना वाढली. १९७२-७३ च्या दुष्काळात ऐन उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याला त्याचीच वाट मिळाली. या योजनेचा अभ्यास संस्थेतल्या कुमुदिनी दांडेकरांनी केला. स्त्रियांना या कामाने काय दिले यावर त्यांचे १९८३ चे पुस्तक आहे. कामावर आलेल्या बाईकडे त्यांनी बाई म्हणून पाहिले, तेव्हा वेगळी माहिती हाती लागली. म्हणजे प्रश्न बदलला की उत्तर बदलते, हे संस्थेला ठाऊक आहे. मग पाझर तलाव खोदले कोणी आणि त्याखालची विहीर कोणाची भरली, हे जातीनिशी विचारायला अडचण काय होती? खोदणारा वस्तीतला, विहीर मळ्यातली. हे उघड्या डोळ्यांना दिसत होते.

'अनुशेष' या शब्दाची गोष्ट अशीच आहे. १९८४ मध्ये दांडेकरांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने प्रादेशिक असमतोलावर अहवाल दिला आणि विदर्भ-मराठवाड्याच्या राजकारणाला हा शब्द मिळाला. जिल्हा मागे किती, याचा रुपयांत हिशेब झाला. आपल्या लोकांनाही हा शब्द ओळखीचा आहे, पण तो भरतीच्या न भरलेल्या राखीव जागांमुळे. एकाच शब्दाचे दोन अर्थ एकमेकांशी कधी बोललेच नाहीत. जिल्ह्याला जात नसते. सिंचनाचा अनुशेष भरून काढला तर पाणी जाते ते जमीन असलेल्याच्या शेतात. बीड जिल्ह्याचा अनुशेष कमी झाला, म्हणून बीडमधल्या बौद्धवाड्याचा झाला असे होत नाही.

आणि मग २०२४ आले. मराठा समाजाच्या मागासलेपणाची तपासणी करण्यासाठी राज्य मागासवर्ग आयोगाने २३ जानेवारीपासून जेमतेम अकरा दिवस घरोघर पाहणी केली. दीड कोटीहून अधिक कुटुंबांची माहिती घेतली गेली. त्यासाठीची संगणकीय प्रणाली गोखले संस्थेने तयार केली, आणि २० फेब्रुवारीला विधिमंडळात दहा टक्के आरक्षणाचा कायदा झालासुद्धा. आरक्षण योग्य की अयोग्य यात मी येथे शिरत नाही. मला दिसते ते एवढेच की जात मोजता येते. अकरा दिवसांत मोजता येते. 'जातीची आकडेवारी किचकट असते, शास्त्रीयदृष्ट्या विश्वसनीय नसते' असे जे आपल्याला वर्षानुवर्षे ऐकवले गेले, त्याचे उत्तर शासनाने आणि संस्थेने मिळूनच देऊन टाकले. सत्तेला जेव्हा हवी तेव्हा जात तक्त्यात येते. वर्षभरात त्याच संस्थेचे नाव वृत्तपत्रांत पुन्हा गाजले ते कुलगुरूंच्या पात्रतेच्या वादावरून. खुर्ची कोणाची यावर रकानेच्या रकाने छापले गेले, त्या खुर्चीतून कोणाचे प्रश्न विचारले जातात यावर चार ओळीही मला दिसल्या नाहीत.

भाषेविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९५९ पासून निघणाऱ्या संस्थेच्या संशोधनपत्रिकेचे नाव 'अर्थविज्ञान'. नाव आपले, आतला मजकूर इंग्रजी. वाईच्या शेतकऱ्याने, पुण्याच्या पेठेतल्या गवंड्याने मराठीत सांगितलेले इंग्रजीत गेले आणि परत आले नाही. परत आणणे शक्य होते, हे याच संस्थेत काम केलेल्या सुलभा ब्रह्मे यांनी दाखवले. त्या धनंजयराव गाडगीळांच्या कन्या. पाहणीची शिस्त त्यांनी घरातून आणि संस्थेतून घेतली, आणि धरणे, शेती, रोजगार यांवर कार्यकर्त्याला खिशातून परवडेल अशा मराठी पुस्तिका लिहिल्या. पुण्यातले शंकर ब्रह्मे समाजविज्ञान ग्रंथालय त्यांनी चळवळींसाठी उघडे ठेवले. संस्थेच्या इमारतीत जे व्हायला हवे होते ते बाहेर, एका बाईच्या जिद्दीवर झाले.

संस्थेला १९९३ पासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. आता तेथे आपली मुलेही शिकायला जातात, यापुढे अधिक जातील. त्यांना माझे सांगणे आहे की प्रवेश मिळाला म्हणजे काम झाले असे समजू नका. वसतिगृह, शिष्यवृत्ती यांसाठी भांडालच, पण प्रबंधाचा विषय घेताना शेड्यूलवरही भांडा. ग्रंथालयात वाई आणि पुणे पाहण्यांची पुस्तके आहेत. त्यातल्या कोष्टकांत जात कुठे नोंदली आहे आणि निष्कर्षांत कुठे नाही, हे पानोपान दाखवणारा एखादा प्रबंध मराठीत लिहा. कुळकायद्याच्या अहवालातली गावे पुन्हा पाहा. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. त्या वतनाच्या जमिनी आज कोणाच्या सातबाऱ्यावर आहेत, हे तलाठ्याच्या दप्तरातून काढा.

केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे येत्या जनगणनेत जातीची नोंद व्हायची आहे. गणना सरकार करील. पण जातीच्या रकान्याला जमिनीचा, मजुरीचा, पाणवठ्याचा रकाना जोडून कोष्टक कोण मांडणार, ते कोणत्या भाषेत छापणार आणि कच्ची माहिती कोणाला पाहू देणार, हे गोखले संस्थेसारख्या संस्थांनी आत्ताच सांगितले पाहिजे, आणि ते विचारणारे पत्र आपल्याकडून तेथे जायला हवे.